आपलं तोंड मधे न येणारा आरसा

१९ जून
औरंगाबाद. डोळ्यांचे डॉक्टर. शि.ला सकाळपासून आत-बाहेर, थेंब, अंधाऱ्या खोल्या. शेवटी आम्हा नवराबायकोला एकत्र बोलावलं.
रेटिनाचा आजार. नाव लांबलचक, इंग्रजी. मेडिकलवाल्यालाही एका दमात म्हणता यायचं नाही. बाजूची नजर काठाकाठानं वाळत जाते, मधली राहते. आधी रातांधळं, मग बोगद्यातून बघितल्यागत, मग नळीतून, मग... डॉ. 'मग'वर थांबले.
औषध? नाही. ऑपरेशन? नाही. चष्मा? ह्याला 'नाही' म्हणायचाही त्यांना कंटाळा. नुसती मान.
"नात्यातलं लग्न?"
शि. माझ्या मामाची मुलगी. तिचे आईवडीलही असेच नात्यातले. आमच्यात हे कौतुकानं सांगतात, घरचं माणूस घरात राहिलं म्हणून. आज सांगताना आवाज आपोआप खाली गेला.
"मुलं?"
एकच. सारिका. पुण्याला इंजिनिअरिंग, शेवटचं वर्ष.
"तिचेही डोळे दाखवून घ्या. उशीर नको."
येताना एस.टी.त शि. खिडकीशी. गेवराई आलं. मग एकदम: "म्हंजे मी लोकांना वळख देत न्हाई म्हणून जी बोंब हाय, ती ह्याच्यापायी व्हय?"
गल्लीत तिला मागून 'महाराणी' म्हणतात. समोरून आलेला तिला दिसतो, बाजूनं गेलेला नाही. गर्व नव्हता. रेटिना होता.

२१ जून
लिंबागणेशहून बसवराज आला. शि.चा धाकटा भाऊ, पंचायत समितीचा माजी सदस्य. माजी झाल्यापासून आवाज जास्तच खासगी झालाय. दार लोटून घेतलं.
"दाजी, पोरीचं लग्न होईस्तोवर ही गोष्ट उंबऱ्याच्या भाईर जाऊ द्यायची न्हाई. लातूरचं स्थळ हातात हाय. आईला असं हाय म्हणल्यावर पोरीकडं कोण बघंल?"
"आणि सारिकाला?"
"तिला तर अजिबात न्हाई. पोरी मैत्रिणीला सांगत्यात."
"डॉक्टर म्हणाले तिचे डोळे..."
"डॉक्टरला काय, त्येच्या पोरीचं लग्न हाय का?"
शि. आतून: "मी आंधळी व्हायलेय, बहिरी न्हाई. मोठ्यानं बोला."
बसवराज चहा न घेता गेला. मी ठरवलं, रविवारी सारिकाचा फोन येतो तेव्हा सांगायचं.

२५ जून, रविवार
फोन आला. पाऊस, मेस, परीक्षा. सांगितलं नाही.

२७ जून
दुकान. (वडिलांचं भांड्यांचं दुकान, आता माझं. आठवड्यातून एक दिवस मी पेपरात विनोदी लेखक, बाकी सहा दिवस पातेली.) शि. दुपारी येऊन बसली. समोरच्या फळीवर नव्या स्टीलच्या घागरी. त्यातल्या एका घागरीकडं टक लावून बघायली. म्हटलं, पोचा आलाय का?
"अहो, हिच्यात सगळा रस्ता हाय."
खरंच होता. घागरीच्या फुगीर पोटात पानपट्टी, रसवंती, फळांचे गाडे, नळ, नळावरचं भांडण. इवलंसं, वाकलेलं, पण सगळं.
"लई दिवसानं एका टायमाला सगळं दिसलं बघा. न्हाईतर मी तुकडेच गोळा करत बसते. आधी पानपट्टी. मग मान वळवा, मग गाडा. तवर पानपट्टीवाला उठून गेलेला."
घागरीवरून नजर न काढता: "चादर अशी बघायला पाहिजे एकदा."
चादर म्हणजे पालीची. बिंदुसरा धरण भरलं की सांडव्यावरून पाणी पांघरूण टाकल्यागत एकसारखं खाली येतं. आख्खं बीड बघायला लोटतं. मागच्या वेळी आम्हीही गेलतो. मी म्हटलं, काय सुंदर. ती म्हणाली, हो. आता कळतंय, तिला नुसते पाण्याचे पट्टे दिसले होते.
"एकदा आख्खी दिसू द्या. मग काय व्हायचं ते होऊ द्या."

२ जुलै, रविवार
फोनवर सारिकाला विचारलं, समज, एखाद्याला पुष्कळ काही एकाच फोटोत मावायला पाहिजे असेल, घागरीच्या पोटात मावतं तसं, तर असा कॅमेरा असतो का?
"वाईड अँगल लेन्स, पप्पा. छोटा डिजिटल घ्या, खिशात मावणारा. मागं स्क्रीन असते, काढला की लगेच दिसतो. फक्त मेगापिक्सेलला भुलू नका. एमएम विचारा. नेहमीचे पस्तीसपासून सुरू होतात. तुम्हाला अठ्ठावीस पाहिजे."
अठ्ठावीस म्हणजे पस्तीसपेक्षा रुंद. आकडा कमी तितका माल जास्त. तिला वाटलं मला समजायला वेळ लागेल. पत्र्याचं गेज असंच असतं, वीसचा पत्रा चोवीसपेक्षा जाड. जन्मभर गिऱ्हाइकाला हेच सांगत आलो, आणि गिऱ्हाईक जन्मभर मोठा आकडा म्हणून चोवीसच घेत आलं.
"पण तुम्हाला कशाला पाहिजे?"
"दुकानाचा फोटो. गल्ली अरुंद, मागं सरकायला जागा नाही."
खोटं इतकं सपाट निघालं की माझाच विश्वास बसला. डोळ्यांचं विचारायचं राहिलं. राहिलं कसलं.

८ जुलै
नईमभाईच्या स्टुडिओत. निम्म्या बीडची लग्नं ह्याच्या कपाटात आहेत. नवा डिजिटल पुढं केला.
"ये लेव शेटजी. इसका झूम देखो. पालीकी टेकडी पे बकरी खडी रह्यी तो उसकी दाढी गिन लेव."
"नईमभाई, मला जवळ आणायचं नाही. लांब न्यायचंय."
"लांब? पैशे देके लांब?"
"सगळं मावायला पाहिजे. वाईड."
"अरे, वाईड तो बॉल रहता. एक रन फुकट." मग माझ्याकडं निरखून: "कायकू होना? सच्ची बोलो."
दुकानाचा फोटो, म्हटलं. तर म्हणे, मी येऊन काढून देतो, फ्रेम करून देतो, तुमच्याकडून पैसे कोण घेतंय. चांगल्या माणसाशी खोटं बोलणं अवघड. तो मदत करायला लागतो.

१५ जुलै
सुभाष रोडवर नवं मोबाईलचं दुकान. कॅमेरेही ठेवतो असं ऐकलं. पोरगेलासा मालक, कपाळावर गॉगल.
"वाईड लेन्सचा आहे का?"
"न्हाई काका. आपल्याकडं वाईट माल ठेवतच न्हाईत."
"वाईट नाही, वाईड."
"तेच की. आपल्याकडं समदा चांगला हाय."
घरी सांगितलं. शि. पदर तोंडाला लावून इतकी हसली की मीही हसलो. मग डोळे पुसत म्हणाली, "खरं बोलला की तो. वाईटच लेन्स लागली मला. दोन्हीकडं."
हसणं थांबवायला दोघांनाही जागा सापडेना.

२३ जुलै
सायबर कॅफे. कॅमेऱ्यांची तुलना करणारं इंग्रजी पान. चित्र वरून खाली एकेक पट्टी उतरतं. शि.ला जग असंच दिसत असणार.
अठ्ठावीसचे कॅमेरे हाताच्या बोटांवर. एकाला डोळा लावायचं भोक नाही. ज्याला भोक आहे तो पस्तीसचा. एक सगळ्या बाजूंनी बरा, पण त्याची स्वतःची बॅटरी. आमच्याकडं लाईट सकाळी जाते ती कधी येईल ते लाईटलाही माहीत नसतं, त्यापेक्षा पेन्सिल सेलवाला बरा. पेन्सिल सेलवाला इतका जाड की खिसा शिवून घ्यावा लागेल. वर कार्ड ज्याचं त्याचं. एका कंपनीचं दुसरीत बसत नाही. रोटी नाही, बेटी नाही. आपल्याकडंच शिकून गेलेले दिसतात.
बाहेर एक वाचक भेटला. "शेट, तुमची तिरपी नजर लई झकास!" माझ्या सदराचं नाव. बारा गावच्या पुढाऱ्यांना मी बाजूनं बघतो, त्यावर लोक हसतात. घरी हे सांगायला नको होतं.
"मला द्या की थोडी उसनी," शि. म्हणाली. "तुमच्याकडं लई हाय."

३० जुलै, रविवार
सारिका संध्याकाळी गाडीवरून पडली. कोपर खरचटलं. "खड्डा दिसलाच नाही पप्पा."
पुण्यात खड्डा कुणाला दिसतो. तिथं सगळेच पडतात. तिची मैत्रीणही पडलीय म्हणे. मैत्रीण भरदिवसा पडली का अंधारात, हे विचारणार होतो.
विचारलं काय? "पेन्सिल सेलचा घेऊ का बॅटरीचा?"
"बॅटरीचा. किती दिवस घोळ घालताय!"

३१ जुलै
शि.ला गाडीचं सांगितलं नाही.

६ ऑगस्ट
नगर. कडा गावाच्या पुढं एस.टी. पंक्चर, तासभर रस्त्यावर. मोठं दुकान, काचेची कपाटं, टाय लावलेला विक्रेता. आणि तिथं होता. अठ्ठावीस. ओंजळीत मावेल एवढा. त्यानं दुकानातलाच फोटो काढून दाखवला: चारी भिंती, गल्ला, मालक, गिऱ्हाइकं, पंखा, पंख्यावरचं जाळं. घागरीसारखं. फक्त काठाला उभा असलेला मालक आडवा फुगला होता.
"साहेब, वाईडमधे कडेचा माणूस जरा लठ्ठ येतो."
म्हटलं, आमच्या जिल्हा परिषदेतही तसंच. मधे कोण आहे ते दिसत नाही, कडेचे फुगतात.
सगळं होतं. खिशात पैसेही होते. तरी म्हणालो, दुसऱ्या कंपनीचा यायचाय ना पुढच्या महिन्यात? तोही बघू. कार्डाचं विचारलं, वॉरंटीचं विचारलं, पाऊचच्या चेनचं विचारलं. माझं मलाच कळेना मी काय शोधतोय.
रिकाम्या हातानं परत.
"मिळाला?"
"बघतोय."
"तुमी बघतच ऱ्हा. तुमाला काय, तुमचं दिसायलंय."

७ ऑगस्ट
ती बोलली ते खरं, पण निम्मं. कॅमेरा निवडून होईपर्यंत दर रविवारी पोरीशी बोलायला विषय आहे. कॅमेरा घेतला की दुसरा विषय उरतो.
हे लिहून वाचलं. पान फाडणार होतो. राहू दे.

१३ ऑगस्ट
पाऊस. चार दिवस एकसारखा. गल्लीत प्रत्येकजण धरणावरून नुकताच आल्यासारखा बोलतोय. "दोन हात ऱ्हायलंय." "कुठलं, हातभर बी न्हाई." जो कधी पालीला गेला नाही तो जास्त खात्रीनं.
बसवराजचा फोन. लातूरचे दिवाळीत बघायला येतायत. "अक्का तवा चहा आणायला नको. मी माझ्या बायकोला पाठवतो. अक्काला म्हणावं नुसतं बसून ऱ्हा, आन् हसत ऱ्हा."
निरोप पोचवला. ती म्हणाली, "देवळातल्या मूर्तीला बी एवढंच काम आस्तंय."

१९ ऑगस्ट
चादर सुरू झाली.
कॅमेरा नाही. नगरला फोन लावला. तो विकला गेला; नवा माल दहा-पंधरा दिवसांनी. आणि दुसऱ्या कंपनीचा? तो पस्तीसचाच निघाला.
शि. भांडी घासत राहिली. मोठ्यानं.

२० ऑगस्ट, रविवार
सकाळी तीच पदर खोचून तयार. हातात दुकानातली नवी घागर.
"चला. तुमचा कॅमेरा येईस्तोवर धरण थांबत नसतंय."
रिक्षा करून पालीला. गर्दी, कणसं, भजी. आणि त्यात पुढाऱ्याचं जलपूजन, मांडव, माईक, साडीचोळी, नारळ. आमच्या हातात घागर बघून कार्यकर्त्यांनी वाट करून दिली. "मान्यवर पती-पत्नी पूजेला आलेत, सरका सरका!" मी पंधरा वर्षं ज्याच्यावर टोमणे मारले त्या माणसानं मला नमस्कार केला. मीही केला. काय करता.
कडेला खडक गाठला. शि. चादरीकडं पाठ करून उभी राहिली, घागर दोन्ही हातांनी तोंडापुढं धरली. लोक बघायला लागले. धरणाकडं पाठ करून घागरीत बघणारी बाई. एक म्हातारी हात जोडून उभी राहिली, हा काही विधी असणार म्हणून.
"दिसली?"
ती घागर वर करी, खाली करी, लांब धरी.
"दिसतीया... पण मधीच माझंच तोंड येतंय की हो."
घागर खांद्याकडं घेतली तर तिच्या नजरेच्या नळीतून घागरच निसटते. समोर घेतली की तोंड. मोठं, फुगलेलं, आणि त्याच्या दोन्ही कानांपाशी कुठंतरी पाणी. दुकानात घागर फळीवर होती, लांब. तोंड लहान होतं. इथं हातात.
मी तिच्याशेजारी उभा राहून हात लांब करून धरली. तर मग मीही आलो मधे.
"ऱ्हाऊ द्या. नवराबायकोच मावतो आपण ह्याच्यात. धरण न्हाई मावत."
रिकामी घागर घेऊन परत. रिक्षावाला म्हणे, काकू, भरून न्हाई आनली? शि. म्हणाली, भरली होती बाबा, सांडली.

२२ ऑगस्ट
संपादक: जलपूजनावर तिरपी नजर येऊ द्या, तुम्ही स्वतः होतात म्हणे. बसलो. पहिलं वाक्य झकास आलं. दुसरंही. तिसऱ्यात ती घागर आली आणि पुढं जाईना. दिलं नाही. पेपरात माझ्या जागी बियाण्यांची जाहिरात. फरक कुणाला जाणवला नाही.
कॅमेरा म्हणजे काय ते मात्र आता कळलं. आपलं तोंड मधे न येणारा आरसा.

२ सप्टेंबर
नगर. घेतला. अठ्ठावीस, चंदेरी, स्वतःची बॅटरी. काही विचारलं नाही. विक्रेत्यालाच वाईट वाटलं. "साहेब, पाऊच बघता?"

३ सप्टेंबर, रविवार
सकाळी पाली. दहा दिवस उघडीप. चादर फाटलेली. मधे मधे काळे खडक उघडे, पाणी दोन-चार ओघळांत. माणसं नाहीत. मांडवाचे खड्डे तेवढे.
मी फोटो काढला, तिच्या हातात दिला. ऊन इतकं की स्क्रीनवर काळ्या काचेशिवाय काही नाही. हा मुद्दा इंग्रजी पानावर कुणी लिहिला नव्हता. मी सावली धरली, छत्री धरली. शेवटी तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढून कॅमेऱ्यासकट स्वतःला झाकून घेतलं. आत बराच वेळ.
"शि.?"
"थांबा हो."
मग पदरातून आवाज: "सगळं मावलंय. ह्या टोकापासून त्या टोकापातूर. भिंत, झाडं, वरचं आभाळ बी." थोड्या वेळानं: "पाणीच तेवढं न्हाई."
पुढच्या वर्षी, म्हणालो. पुढच्या वर्षी अठ्ठावीसही पुरणार नाही, हे डॉ.नी मला सांगितलंय तसं तिलाही.
मग: "अहो, ही पोरगी कोण? ह्या कडंला. धुणं धुती."
मी बघितलं. सांडव्याच्या पार कडेला, खडकाआड, खरंच एक मुलगी. एवढा वेळ तिथं उभा असून मला दिसली नव्हती. फोटोत कडेला असल्यानं जरा रुंद आली होती.
शि.नं पदर काढला. तोंड घामेजलेलं.
"सारिकाला आज मी सांगते," म्हणाली. "तुमी बोलू नका. तुमाला जमत न्हाई ते."

त्याच दिवशी
संध्याकाळी फोन. मी शेजारी. कॅमेरा कसा आहे, सारिकानं विचारलं असणार.
"चांगला हाय बाई. माझ्या डोळ्यात मावत न्हाई ते सगळं मावतंय त्याच्यात." आणि मग सगळं सांगितलं, शेंगा फोडाव्यात तसं, एकेक, न थांबता. शेवटी: "आता तू बी डोळे दाखव. दिवाळीचे पाव्हणे येतील न्हाईतर न येतील."
रिसिव्हर माझ्याकडं दिला.
"पप्पा, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"
"जून."
"जून," ती म्हणाली. "आणि तुम्ही मला एमएम विचारत होता."
मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही. आठवण्यासारखं नव्हतं.

५ सप्टेंबर
बसवराज येऊन ओरडून गेला. "दाजी, मामा म्हणून माझी काय किंमत? लातूरवाल्यांना मी काय तोंड दाखवू?"
शि.: "समोरून दाखव. बाजूनं दाखवलंस तर मला बी दिसत न्हाई."

१७ सप्टेंबर
मुक्तिदिनाची सुट्टी. सारिका कालच आली. उतरल्यापासून माझ्याशी गरजेपुरतं. आईशी मात्र भरपूर.
शि. आता अंगण ओलांडायच्या आधी दारात उभी राहून अंगणाचा फोटो काढते. स्क्रीन हातभर लांब धरते. बादली कुठं, स्टूल कुठं, मांजर कुठं ते बघून घेते, मग चालते. सारिका आज पहिल्यांदाच ते बघत होती. ओसरीत, हातात चहा तसाच.
"मम्मी, मांजर हललं ना मधेच, तर?"
"तर तुडवलं जातं. एकदा तुडवलंय. आता तेच बघून चालतंय."
सारिका हसली. मग आत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी होती.
संध्याकाळी लाईट गेली. आम्ही तिघं अंगणात. म्हटलं, कंदील आणतो. सारिका म्हणाली, "मी आणते." मी तिच्या पावलांकडं बघत बसलो. लाज वाटली बघण्याची, तरी बघितलं. उंबरा नीट ओलांडला. आत कुठंतरी ठेच लागल्याचा आवाज आला. आवाज भांड्याचा होता. भांडं पाडायला आजार लागत नाही, आमचं घरच भांड्यांचं. असं मी मला सांगितलं.
कंदील घेऊन आली. ज्योत मोठी करता करता, माझ्याकडं न बघता: "पप्पा, थिएटरमधे उशिरा गेलं की मला सीट सापडत नाही. सगळ्यांचंच तसं असतं असं वाटायचं."
"सगळ्यांचंच असतं," मी म्हणालो.
शि.नं सारिकाचा हात शोधला. पहिल्या खेपेला चुकला.

१८ सप्टेंबर
पुण्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावला. आम्ही तिघंही जाणार. दुकान बंद ठेवीन. संपादकाला कळवलं, काही दिवस तिरपी नजर नाही. "बरं नाही का?" म्हणे. बरं आहे, म्हटलं.

२६ सप्टेंबर
पुणे. दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितोय. सारिका आत.
नजरेचं मैदान तपासतात, म्हणजे कडेचं किती दिसतं ते. दार नीट लागत नाही, फटीतून दिसलं: उभी केलेली पांढरी कढई असावी असं मशीन, त्यात तोंड घालून बसवलंय. एक डोळा झाकलेला. आत कुठंही ठिणगी लागते म्हणे, कधी मधे, कधी काठाला. दिसली की हातातलं बटण दाबायचं. मान हलवायची नाही. नर्सनं बजावलं, "अंदाजानं दाबू नको हां बाळ."
मग नर्सनं दार ओढून घेतलं. आता नुसता आवाज. मशीनची घरघर, आणि मधून टिक्.
शि. माझ्या दंडाला धरून, डोळे मिटून. तिला ह्या खोलीची माहिती आहे.
टिक्. टिक्. लगोलग दोन.
"मधलं चाललं असंल," ती म्हणाली. "मधलं सगळ्यांना दिसतंय."
मग काही नाही. समोरच्या बाकावरचा माणूस वर्तमानपत्र उलटतो, त्याचाच आवाज मोठा. घरघर चालू. सारिका थांबलीय का मशीन थांबलंय. का ठिणगी लागलीय आणि
टिक्.
पुन्हा काही नाही. आता फार वेळ.
"वाजलं का?" शि. विचारते.
माणसानं पान उलटलं, का नर्सनं पेन ठेवलं, का पोरीनं बटण दाबलं, नीट कळलं नाही.
"वाजलं," म्हणालो.